विरूची सागवानी गिटार

विरू, शेवटी तुझी गिटार मी उघडून बघितली. वहिनींनी ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती. दोनदा येऊन मी नुसता त्या कपाटाखाली बसलो, चहा प्यायलो आणि परत नातेपुत्याची एस.टी. धरली. पुढच्या खेपेला वहिनींनी न विचारता खुर्ची आणून कपाटाला लावली. म्हणाल्या, "काढा की ओ भावजी. किती दिवस वर बघत बसणार?"

तू जाऊन आता दीड महिना होतोय. त्या आठवड्यात तुझा फोन आला होता, मी नववीच्या वर्गावर होतो म्हणून बाहेर व्हरांड्यात येऊन घेतला. "रविवारी ये बे. एक दावायचंय." मी विचारलं, काय? तर म्हणालास, "आला की कळंल. लई भांडायला मिळंल तुला." मी म्हटलं, येतो. रविवार उजाडायच्या आधीच आलो, पण तुला माती द्यायला.

तुमच्यात बसवून माती देतात हे मला माहीत होतं, तुझ्या आईच्या, अव्वांच्या वेळी मी होतोच. पण मांडी घालून, कपाळभर विभूती लावून तुला बसवलेला बघितला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? म्हटलं, घ्या, हा वादही जिंकला. वीस-बावीस वर्षं मी तुला सांगत होतो की हेवी मेटल बसून वाजवत नाहीत. पाय फाकून उभं राहायचं, गिटार मांड्यांपर्यंत लोंबली पाहिजे, मान हलली पाहिजे. आणि तू आपला स्टुलावर बसून, देवळात तंबोरा धरल्यासारखी गिटार धरून, डोळे मिटून. "अज्जा बसूनच विणायचा की," आजोबांचा दाखला देत हे तुझं उत्तर. तिथे लोक रडत होते आणि मला हसू येत होतं. घरी गेल्यावर मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

सोलापुरात भवानी पेठेतली तुमची मागची खोली मला माझ्या घरापेक्षा जास्त ओळखीची आहे. एका भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, दुसऱ्या भिंतीपलीकडे शेड आणि शेडमध्ये खडाखडा चालणारे चादरींचे माग. आपण सराव करायचो तो माग चालू असतानाच. कारण सरळ होतं, एवढ्या आवाजात आपला आवाज गल्लीत कुणाला ऐकू जायचा नाही. सोमवारी मागांना सुट्टी, म्हणून आपल्यालाही. एकदा सोमवारी हौसेनं गिटारचा अँप लावला तर तुझ्या अव्वा हातात लाटणं घेऊनच दारात आल्या, "साकु, साकु!" तेव्हापासून साकु म्हणजे पुरे एवढं कन्नड मला पक्कं येतं.

त्या खोलीच्या भिंतीवर एक चादर खिळे मारून लावलेली होती. मला वाटायचं आवाज घुमू नये म्हणून लावलीय. मी तिच्यावर पाठ घासत बसलो होतो तेव्हा तू मला पहिल्यांदा ओरडलास. मग सांगितलंस, ती अज्जांची शेवटची चादर. अज्जा गेले तेव्हा हातमागावर ती अर्धी होती. तुमच्या घरातली रीत अशी की माणूस गेला तर त्याच्या मागावरचं कापड कापायचं नाही, घरातल्याच कुणीतरी बसून पुरं करायचं, आणि ती चादर विकायची नाही. तुझ्या वडिलांनी ती पुरी केली. तू माझं बोट धरून त्या चादरीवर फिरवलंस. मधोमध एका ओळीपाशी विणीचा ताण बदलतो, अज्जांची वीण घट्ट, बाबांची जरा सैल. "हितं हात बदलला," म्हणालास. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला कळत होतं.

आणि मग तो आपला मुख्य वाद. तुझ्याकडे ती पांढरी सेकंडहँड गिटार होती, एकेरी कॉइलचे तीन पिकअप असलेली. भजनी मंडळापासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत कुठेही चालेल अशी. तिच्यावर तुला हेवी मेटल वाजवायचं होतं. मी तुला शाळेतल्या पोरांना समजावतो तसं समजावायचो. बाबा रे, पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. ती गिटारच्या तारांचं कंपन पकडते, तशी आसपासच्या मोटारी, ट्यूबलाइट, वायरिंग यांची भुणभुणही पकडते. जड आवाजासाठी आपण सूर फाडणारं डिस्टॉर्शन वाढवतो, तेव्हा ती भुणभुणही तितकीच वाढते. त्यावर उपाय म्हणजे हंबकर. त्यात शेजारीशेजारी दोन कॉइल असतात, दोघी भुणभुण उलटसुलट पकडतात आणि एकमेकींची मारून टाकतात. उरतो तो तारेचा भरीव, जाड आवाज. सगळं जग हार्ड रॉकला आणि मेटलला हंबकर लावतं. आणि तू कुठे बसलायस? मागांच्या मोटारींना पाठ लावून. तुझा अँप नुसता चालू केला तरी गाईगुरांचा गोठा वाटतो.

"मग हाय की," तू म्हणायचास. "वाटू दे. माग बंद आसला की मला झोप बी येत न्हाय."

"अरे पण संगीतात ती घाण आहे."

"घाण काय बे? आमचं घर हाय ते."

असं तू काहीतरी बोलायचास. मी माझी काळी, जाडजूड, दोन हंबकरवाली गिटार छातीशी धरून माझी रिफ, तीच ती जड सुरावट, वाजवायला लागायचो. खरं सांगायचं तर तुझ्या त्या पांढऱ्या गिटारला एक धार होती. माझा आवाज भिंतीसारखा यायचा आणि तुझा त्या भिंतीवर खडूनं रेघ मारल्यासारखा. दोन्ही मिळून आपला बँड होता. हे मी तुला कधी म्हणालो नाही, कारण म्हणालो असतो तर तू आठवडाभर तेच ऐकवलं असतंस.

बँडचं नाव तू ठेवलंस, जकार्ड. चादरीवर नक्षी काढणाऱ्या यंत्राचं नाव. इम्तियाज ड्रमवर, तू आणि मी. कॉलेजच्या गॅदरिंगला आपण पहिल्यांदा स्टेजवर गेलो आणि जे झालं ते आठवून मी अजूनही एकटा हसतो. हॉलमध्ये शांतता. इम्तियाजनं काठ्या वर उचलल्या आणि तसाच थांबला. मी मागे वळून बघितलं तर तो घामाघूम. म्हणाला, "यारो, मेरेकू माग नै सुनाई देरा." तेव्हा आपल्या ध्यानात आलं की आपण वर्षभर मागाच्या ठेक्यावर वाजवत होतो. खटक-खटक तो धोटा धागा घेऊन इकडून तिकडे जायचा, त्यावर आपली सगळी गाणी उभी होती. माग नाही तर लय नाही. इम्तियाज जो सुटला तो थांबेचना, आपण त्याच्या मागे धावतोय. चार गाणी होती, ती दोन गाण्यांच्या वेळात संपली. प्रिन्सिपॉल खूश झाले, म्हणाले, लवकर आटोपलंत, छान.

दुसरा कुठला बँड असता तर ठेका धरणारा मेट्रोनोम आणला असता. तू टेपरेकॉर्डर शेडमध्ये ठेवून तासभर माग रेकॉर्ड केलास आणि पुढच्या कार्यक्रमाला वॉकमन इम्तियाजच्या कमरेला बांधून कानात माग घातलास. बार्शी, पंढरपूर, गुलबर्गा, जिथे म्हणून आपल्याला कुणी बोलावलं तिथे तुमची शेड आपल्याबरोबर आली. लोक विचारायचे, ड्रमर काय ऐकतोय? तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, "घरचं."

पुढे इम्तियाज दुबईला गेला, मी नातेपुत्याला शाळेत लागलो, तू शेड सांभाळलीस. बँड संपला असं आपण कधी म्हणालो नाही. रविवारी मी यायचो, खोलीत बसायचो आणि भांडणं व्हायची. बाजारात नवी गिटार आली की आधी भांडण. व्ही आकाराच्या त्या टोकदार गिटारी मला जीव की प्राण, तर तू म्हणायचास, "बसल्यावर मांडीवर टिकत न्हाय ती गिटार कसली? भाला हाय." तरंगत्या ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायची पट्टी हलती असलेल्या गिटारी, ज्यांचा दांडा दाबला की सूर विव्हळत खाली जातो, त्या तुला थोड्या आवडल्या होत्या. पण एकदा कार्यक्रमात माझी एक तार तुटली आणि बाकीच्या पाचही बेसूर झाल्या, त्या दिवसापासून तूही फिक्स्ड ब्रिजचा झालास. "मागावर एक धागा तुटला की सगळा माग थांबतो, ते बराबर हाय," म्हणालास, "पर गिटारनं थांबू न्हाय." एवढ्या एकाच मुद्द्यावर आपलं एकमत झालं. बाकी गिटारची मान, म्हणजे नेक, चिकटवलेला की बोल्ट लावलेला, तारा जाड की पातळ, सूर किती खाली उतरवायचा, कशावरही नाही. उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हानं माझ्या गिटारचा नेक वाकडा झाला. चिकटवलेला, त्यामुळे काही करता येईना. तुझ्या पांढरीचाही झुकला, पण तू तिचे बोल्ट काढलेस, आत जकार्डच्या पुठ्ठ्याचा, ज्याला नक्षीची भोकं असतात त्याचा एक तुकडा कापून सरकवलास, बोल्ट आवळलेस आणि मिशीत हसलास. मला तुझा इतका राग आला होता की मी चहा न पिता गेलो. पुढच्या रविवारी आलोच.

शेडमधले माग एकेक करून गेले. त्याबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. पलीकडचा आवाज विरळ होत गेला तसा तू अँपचा आवाज थोडा वाढवत गेलास, एवढंच मला जाणवलं. शेवटी दोनच माग राहिले, तेही भाड्यानं दिलेले.

गेल्या पावसाळ्यात अज्जांचा हातमाग मोडायला काढलास. त्याचं सागवान बघून तुझे डोळे चमकले होते. "ह्याची गिटार करतो." मी पोट धरून हसलो. गिटारला महोगनी लागते, अल्डर लागतं, अगदीच झालं तर अ‍ॅश. सागवानाची दारं करतात. तू म्हणालास, "जड आवाज पायजे की तुला? जड लाकूड घे." मी विचारलं, "कुणासाठी करतोयस?" तू रंधा मारत होतास, मान वर केली नाहीस. "बघू की," म्हणालास. नंतर मी आलो की तू ती झाकून ठेवायचास. मला वाटलं, बिघडली असेल, लाजतोयस.

तर त्या दिवशी मी खुर्चीवर चढलो आणि ती खाली घेतली. आई गं, किती जड. चादर सोडली. रंग नाही, पॉलिश नाही, नुसतं घासून तुळतुळीत केलेलं लाकूड. शिसवी रंगाच्या त्या सागवानात अज्जांच्या हातमागाची खिळ्याची दोन जुनी भोकं तशीच, लाखेनं बुजवलेली. नेक बोल्टचा, अर्थातच. ब्रिज फिक्स्ड. तारा नाहीत, वायरिंग नाही. आणि ब्रिजशेजारी, जिथे पिकअप बसतो तिथे, खोबण रुंद कोरलेली होती. हंबकरची.

मी खाली फरशीवर बसलो. वहिनींना वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन आल्या.

विरू, तू जर माझ्यासमोर एकदा म्हणाला असतास की बाबा तुझं खरं, हेवी मेटलला हंबकरच पाहिजे, तर मी गल्लीत पेढे वाटले असते. आणि तू ते न बोलता लाकडात कोरून ठेवलंस आणि निघून गेलास. माझ्यासाठी करत होतास ती. मला ते दाखवायला बोलावत होतास. मला तुझा फार राग आला, अजूनही येतो. मी आयुष्यभर तुझ्याशी भांडलो ते जिंकायला नाही भांडलो, हे तुला कळायला नको होतं का? आणि रागाच्या खाली जे होतं ते असं की आजवर माझ्यासाठी कुणी एवढं काही हातानं केलेलं नाही. माझ्या मापाचा नेक. मला जाड लागतो, तुला पातळ, तर हा जाड. केव्हा मोजलंस रे?

वहिनी म्हणाल्या, "तुमीच पुरी करा."

"मला सुतारकाम नाही जमत, वहिनी."

"लाकूडकाम झालंय म्हणालते ते. वायरीच राह्यल्यात. अर्धं काम घरात ठेवत न्हाईत आमच्यात, तुमाला ठावं हाय की."

ठाऊक होतं. पण पुरी केली की संपलंच, अशी भीती मला वाटत होती. अर्धी होती तोवर तुझं काहीतरी अजून चालू होतं. हे मी त्यांना सांगितलं, शब्द जमवत जमवत. त्यांनी गिटार परत चादरीत गुंडाळायला घेतली. मग म्हणाल्या, "भावजी, मला एक सांगू? लग्न होऊन आले तवा ह्या भिंतीतनं घुं घुं यायचं, मी लई घाबरले. मग अव्वा म्हणल्या, त्यो गिटार लावून बसला, चा टाक. तवापासनं घुं घुं आलं की मी चा टाकते. आता घर लई गप हाय बघा."

मी गिटार नातेपुत्याला नेली. बसमध्ये चादरीसकट मांडीवर घेऊन बसलो, शेजारच्या माणसानं विचारलं, मूर्ती आहे का? मी म्हटलं, हो.

हंबकर मागवला, चांगला, चार वायरींचा. शाळेच्या प्रयोगशाळेतलं सोल्डर आणून रात्री न करता दिवसाउजेडी, खिडकीशी बसून काम केलं, कारण माझे डोळे आता चाळिशीचे आहेत. वायरी जोडताना एक भोक जास्तीचं निघालं. एक आवाजाच्या खुंटीचं, एक टोनचं, एक वायर जायचं बाजूला. आणि आवाजाच्या खुंटीच्या खाली हे एक बारीक चौथं, नीट गोल, कडा घासलेलं. चुकून पडलेलं नव्हतं. तू चुकून भोक पाडणारा माणूस नाहीस. मी बराच वेळ त्यात बोट घालून बसलो. बुजवावं का, असंही मनात आलं.

मग उलगडलं, आणि मी खिडकीशी एकटा मोठ्यानं हसलो आणि त्याच दमात रडलो, बायको आतून धावत आली. ते छोट्या बटणाचं भोक होतं, विरू. हंबकरच्या दोन कॉइलपैकी एक बंद करायचं बटण. एक बंद केली की हंबकर हंबकर राहत नाही, तुझा तो एकेरी पिकअप होतो, भुणभुणीसकट. म्हणजे हो म्हणालास, आणि त्याच्याच खाली न्हाय म्हणून ठेवलंस. रविवारी मी आलो असतो, हंबकरची खोबण बघून नाचलो असतो, आणि तू मला नाचू दिलं असतंस, आणि मग ते भोक दाखवलं असतंस. लई भांडायला मिळंल, ते हे. माझं ते भांडण राहिलं रे. सगळं मिळालं, तेवढं राहिलं.

बटण बसवलं. तुझ्या कामाशेजारी माझं काम ओबडधोबड दिसतं, सोल्डरचे गोळे झालेत, एक वायर लांब राहिली ती वळवून कोंबलीय. मागचं झाकण काढलं की हात कुठे बदलला ते शेंबड्या पोरालाही कळेल. नेक थोडा मागे झुकत होता, तेव्हा तुझ्या टेबलावरून आणलेला जकार्डचा पुठ्ठा कापून आत सरकवला. बोल्ट आवळले. मिशी नाही मला, नाहीतर हसलो असतो.

काल रविवार होता. गिटार घेऊन भवानी पेठेत आलो. वहिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, "या की," एवढंच म्हणाल्या. मी मागच्या खोलीत गेलो. अज्जांची चादर, तुझं स्टूल, तुझा अँप. पलीकडे ते दोन माग चालू होते. पट्टा खांद्यावर घेतला, उभा राहिलो, पाय फाकून, माझ्या रीतीनं. अँप लावला, डिस्टॉर्शन पूर्ण उघडलं. एकही आवाज नाही. स्वच्छ. एक कॉर्ड वाजवला, आणि सागवान काय बोललं म्हणून सांगू तुला, भिंत हलली. मला पाहिजे होता तोच आवाज, विसाव्या वर्षापासून मी जो शोधत होतो तो. तो हळूहळू विरला आणि परत सगळं स्वच्छ झालं, एवढं की मला तिथे थांबवेना. वहिनींची भांडी चालूच होती.

मी बटण खाली केलं.

घुं झालं. भिंतीपलीकडचे दोन माग, त्यांच्या मोटारी, तुमच्या घराचं जुनं वायरिंग, सगळं अँपमधून खोलीत आलं. स्वयंपाकघरातलं पाणी थांबलं. मग शेगडीवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला, आणि लायटरचा.

मी काही वाजवलं नाही. गिटार फार जड होती, खांदा दुखायला लागला. तुझं स्टूल जवळ ओढलं आणि बसलो.